तपास करणारी माणसं कुणाची? लोकायुक्त कार्यालयाच्या आतली गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मसुदा नेहमीसारखा इथं देतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय लोकायुक्त. पण कोण कधी लोकायुक्त झाले, ती यादी मला वाचायची नाहीये. मला बोलायचंय त्यांच्या खाली बसणाऱ्या माणसांबद्दल. बीडहून गेलेला अर्ज पहिल्यांदा कोण उघडतं? त्यावर आवक क्रमांक कोण टाकतं? 'अहवाल मागवावा' की 'दप्तरी दाखल करावे', ही पहिली टिप्पणी कुणाच्या हातची असते? आणि मुख्य म्हणजे, ही माणसं असतात कुणाची?

आधी थोडा इतिहास. कल्पना मूळची स्वीडनची. १८०९ च्या राज्यघटनेत त्यांनी 'ओम्बुड्समन' हे पद आणलं. राजाच्या नोकरांवर नजर ठेवायला संसदेचा माणूस, असा साधा हिशोब. न्यूझीलंडनं १९६२ मध्ये ते उचललं. आपल्याकडे १९६३ मध्ये खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्यासाठी 'लोकपाल' हा शब्द घडवला. ऑक्टोबर १९६६ मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं सांगितलं, केंद्रात लोकपाल नेमा आणि राज्यांत लोकायुक्त. केंद्राचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. ओडिशानं १९७० मध्ये कायदा केला, पण कार्यालय प्रत्यक्षात सुरू करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र. कायदा १९७१ चा, आणि कामाला सुरुवात २५ ऑक्टोबर १९७२ ला. पहिले लोकायुक्त होते मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल.

आता ही तारीख बीडच्या बाजूनं बघा. ७२ चा दुष्काळ! आमच्याकडं आजी-आजोबांच्या पिढीला हे साल सांगावं लागत नाही. खडी फोडणं, सुकडी, लाल मिलो, सगळं एका दमात सांगतात. लोकायुक्त काही दुष्काळासाठी आलेले नव्हते, पण योगायोग मोठा आहे. ज्या वर्षी मराठवाड्यातला शेतकरी सरकारी कामावर मजूर झाला, म्हणजे हजेरीपट आणि मुकादम यांच्याशी त्याचा रोजचा संबंध आला, त्याच वर्षी सरकारविरुद्ध गाऱ्हाणं मांडायची एक नवी खिडकी मुंबईत उघडली.

मुंबईत, हेच तर दुखणं. कार्यालय मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात. बीड शहराला रेल्वे मिळाली १७ सप्टेंबर २०२५ ला, तीही अहिल्यानगरपर्यंत. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं सुनावणीला जाणारा माणूस रात्रीच्या एसटीनं किंवा ट्रॅव्हल्सनंच गेला. त्यामुळं बीडच्या तक्रारदारासाठी या यंत्रणेचा पहिला 'कर्मचारी' मुंबईत नसतोच. तो तहसीलबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारा असतो. निजामाच्या काळात कचेरीची भाषा उर्दू होती, तेव्हाही अर्जनवीस लागायचा. भाषा मराठी झाली, अर्जनवीस राहिला.

आता कायदा. १९७१ च्या कायद्यात दोन प्रकारच्या तक्रारी आहेत. एक गाऱ्हाणं, म्हणजे कारभारातल्या गलथानपणामुळं माझ्यावर अन्याय झाला. दुसरं अभिकथन, म्हणजे अमुक माणसानं पदाचा गैरवापर केला, भ्रष्टाचार केला. गाऱ्हाण्याला मुदत १२ महिने. हाती लागते ती शिफारस. लोकायुक्त कुणाला नोकरीवरून काढू शकत नाहीत, तुरुंगातही टाकू शकत नाहीत. आणि कर्मचाऱ्यांबद्दल कायदा म्हणतो, लोकायुक्तांना स्वतःचे अधिकारी-कर्मचारी नेमता येतात, शिवाय सरकारच्या संमतीनं सरकारचेच अधिकारी आणि तपास यंत्रणा वापरता येतात.

'सरकारच्या संमतीनं.' माझ्या मते सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. तुम्ही बग रिपोर्ट केला, तिकीट तयार झालं, आणि ते असाइन झालं ज्यानं बग केला त्याच्याच टीमला. लोकायुक्त कार्यालय अर्ज नोंदवतं आणि संबंधित खात्याकडून अहवाल मागवतं. खातं तो अर्ज जिल्ह्याला पाठवतं, जिल्हा तालुक्याला, आणि शेवटी 'वस्तुस्थितीदर्शक अहवाल' लिहायला बसतो तोच टेबल, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती.

आमच्या घरातलंच उदाहरण देतो. माझ्या चुलत्यांना रोजगार हमीतून विहीर मंजूर झाली. खोदली, बांधली, पाणी लागलं. मजुरीचे पैसे आले, पण कुशलचं बिल अडकलं. सिमेंट-खडीवाल्याची उधारी अंगावर. एका कार्यालयात दोन वर्षं 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून झाल्यावर त्यांनी लोकायुक्तांकडे अर्ज केला. काही महिन्यांनी अहवाल मागवल्याच्या पत्राची प्रत घरी आली. नंतर एक स्मरणपत्र, त्याचीही प्रत. आणि सुनावणीची तारीख लागायच्या आधीच बिल जमा! शिफारस नाही, निकाल नाही. मुंबईतल्या कुणा लिपिकानं मुदत संपल्याचं बघितलं, फाइल पुन्हा वर सादर केली, सही घेऊन पत्र जावकला टाकलं, एवढंच. काका त्या माणसाला कधीच भेटणार नाहीत. पण ते स्मरणपत्र गेलं नसतं, तर विहिरीपायी एक एकर विकायची चर्चा घरात सुरू होती.

म्हणजे कर्मचारी चांगला असला की झालं का? इथं शेजारच्या कर्नाटकाचा इतिहास बघण्यासारखा आहे. तिथं लोकायुक्तांकडे स्वतःची पोलीस शाखा होती, पण ते पोलीसही प्रतिनियुक्तीवरच येणारे. बेकायदा लोहखनिज उत्खननाचा तपास प्रामुख्यानं केला तो यू. व्ही. सिंग या वन अधिकाऱ्यानं आणि त्यांच्या टीमनं. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांनी अहवाल दिला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री येडियुरप्पांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे उसनी माणसंसुद्धा हे करू शकतात.

पण चारच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच कार्यालयातून एका अभियंत्याकडे एक कोटी रुपये मागितल्याची तक्रार आली. ती दाबून न टाकता लेखी वर कळवली कुणी? लोकायुक्त पोलिसांतल्याच अधीक्षक सोनिया नारंग यांनी. पुढे खंडणीच्या आरोपावरून लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली आणि डिसेंबरमध्ये लोकायुक्तांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये सरकारनं वेगळा लाचलुचपत विभाग काढून त्यांच्या पोलिसांचे अधिकारच काढले. ते परत मिळायला ऑगस्ट २०२२ चा उच्च न्यायालयाचा निकाल लागला. देणारा हात सरकारचा असला की परत घेणाराही तोच असतो.

आपल्याकडे लोकायुक्त निवृत्त न्यायमूर्ती असतात. कसाबचा खटला चालवणारे एम. एल. टहलियानी या पदावर होते. उपलोकायुक्तपदावर बहुधा निवृत्त सनदी अधिकारी येतात, उदाहरणार्थ माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ. याची एक जमेची बाजू आहे, फाइल कुठं दडवतात हे त्यांना पाठ असतं. पण ज्या व्यवस्थेत आयुष्य काढलं तिच्यावरच नजर ठेवायची, हेही आहेच. जिल्ह्यात आलात तरी चित्र तेच. मनरेगासाठी २००९ पासून जिल्हा पातळीवर लोकपाल नेमायची तरतूद झाली. माणूस बाहेरचा, पण त्याला कर्मचारी आणि साधनं पुरवायची जिल्हा कार्यक्रम समन्वयकानं, म्हणजे ज्यांच्या यंत्रणेविरुद्ध तक्रार, त्यांनीच.

नवीन लोकायुक्त विधेयक विधानसभेनं डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेनं डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं. त्यात मुख्यमंत्रीही कक्षेत आले, जे जुन्या कायद्यात नव्हते. चांगलंच आहे. पण तेव्हा मी जे वाचलं-ऐकलं, ते बहुतेक सगळं 'मुख्यमंत्री आत की बाहेर' यावरच होतं. टेबलावर कोण बसणार, त्याची बदली कोण करणार, गोपनीय अहवाल कोण लिहिणार, हे विचारणारे फार थोडे. बीडच्या माणसाची तक्रार मुख्यमंत्र्यांविरुद्ध क्वचित असते. ती असते ग्रामसेवक, तलाठी, अभियंता यांच्याविरुद्ध. त्याच्यासाठी लोकायुक्त म्हणजे वेळेवर निघालेलं स्मरणपत्र.

जाता जाता कामाचं. गाऱ्हाणं असेल तर १२ महिन्यांच्या आत पाठवा. आधी स्थानिक कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा. आणि मुंबईहून आलेल्या पत्रावरचा संदर्भ क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जावर लिहा, म्हणजे तुमचा कागद नेमक्या फाइलला लागेल.

तुमच्यापैकी कुणी अशा कार्यालयात नोकरी केली असेल, तर नक्की कळवा. नाव सांगणार नाही. तुमच्या टेबलावरून हे सगळं कसं दिसतं, ते पुढच्या भागात ऐकू. भेटूच!