टीएसएच ४.८ : एका आकड्यामागची दीडशे वर्षं

कानात हेडफोन घालण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप.

आजचा विषय बहुतेक तुमच्या फोनमध्येच पडलेला असेल. लॅबनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ. टी-३ ठीक, टी-४ ठीक, आणि टीएसएच ४.८, ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. मर्यादा लिहिलीये ०.४ ते ४.०. आपण रात्री दोन वाजता गूगल करतो आणि पहाटेपर्यंत आपल्याला सगळे रोग झालेले असतात! तर हा आकडा आला कुठून, आणि त्याच्यावर किती विश्वास टाकायचा?

सुरुवात करू १८७३ च्या लंडनपासून. सर विल्यम गल हे तेव्हाचं मोठं नाव. त्यांनी काही मध्यमवयीन बायकांचं वर्णन केलं: चेहरा सुजल्यासारखा गोल, जीभ जाड, बोलणं संथ, हालचाल मंद. याआधी अशा बायकांना घरचे काय म्हणत असतील, हे सांगायला इतिहासकार नको. ‘आळशी झालीये’, ‘वय झालं’. गल यांचं मोठेपण एवढंच, की त्यांनी याला स्वभाव न म्हणता आजार म्हटलं. कारण मात्र त्यांना सापडलं नाही.

ते सापडलं स्वित्झर्लंडमध्ये, आणि जरा विचित्र पद्धतीनं. थिओडोर कोचर हे गलगंडाचे निष्णात सर्जन. गळ्यातली थायरॉइड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली अवटू ग्रंथी, ते पूर्ण काढून टाकायचे. १८८३ मध्ये त्यांनी आपल्याच जुन्या पेशंट्सबद्दल लिहिलं, की ग्रंथी पूर्ण गेलेली माणसं मंदावलीयेत, सुजलीयेत, लहान मुलांची वाढ खुंटलीये. म्हणजे ही ग्रंथी शरीराला लागते! आपल्याच ऑपरेशनचे वाईट परिणाम असे जाहीर मांडणं सोपं नसतं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं.

मग १८९१. न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचायला सुरुवात केली. बाई हळूहळू माणसात आली. पुढे ती २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

औषध मिळालं, पण डोस ठरवायचा कसा? मोजायचं काय? नाडी बघायची, वजन बघायचं, पेशंटला विचारायचं. रक्तातून काहीच कळत नव्हतं.

पुढची साठेक वर्षं डॉक्टर आडवाटेनं अंदाज बांधत राहिले. एक पद्धत होती शरीराचा चयापचय मोजायची. उपाशीपोटी निवांत पडून राहायचं, नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि किती ऑक्सिजन लागतो ते मोजायचं. आता नाकाला चिमटा लावून निवांत कोण पडणार? माणूस घाबरला की आकडा वर. नंतर रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजायला लागले. ते बरं होतं, पण आयोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलेलं असलं तरी रिपोर्ट बिघडायचा.

या अंदाजांच्या काळातली एक गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करते. १९४९ मध्ये लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनी १४ पेशंट्सची हकिगत छापली. ही माणसं भ्रमिष्ट झालेली, संशयानं पछाडलेली होती. खरं दुखणं थायरॉइडचं होतं, आणि थायरॉइडचं औषध दिल्यावर त्यातली बहुतेक शुद्धीवर आली. मनोरुग्ण ठरवून कोपऱ्यात ठेवलेली अशी आणखी किती असतील! (जाता जाता: बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची एकेकाळची मैत्रीण जेन ॲशर, तिचे हे वडील.)

आता येते आपल्या गोष्टीची नायिका. रोझलिन यॅलो, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली, शिक्षणानं फिजिसिस्ट. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात तिनं प्रयोगशाळा थाटली ती झाडूबादल्या ठेवायच्या खोलीत. सोबत डॉक्टर सॉलोमन बर्सन. १९५० च्या दशकात इन्सुलिनवर काम करताना त्यांना हार्मोन मोजायची एक भन्नाट युक्ती सापडली.

समजा एसटीत चाळीस सीट आहेत. मी लाल टोपीवाले चाळीस प्रवासी आत सोडले, आणि त्यांच्याबरोबर तुमचे बिनटोपीचे प्रवासी. सीटसाठी झुंबड उडणार. शेवटी बसलेल्यांत लाल टोप्या मोजायच्या. टोप्या कमी दिसल्या, म्हणजे तुमचे प्रवासी जास्त होते. इथे सीट म्हणजे अँटीबॉडी, टोपी म्हणजे किरणोत्सर्गी खूण, बिनटोपीचे प्रवासी म्हणजे तुमच्या रक्तातला हार्मोन. एका थेंबातला अब्जांश ग्रॅमसुद्धा यातून मोजता येऊ लागला. हीच रेडिओइम्युनोॲसे, म्हणजे आरआयए.

१९५५ मध्ये त्यांचा पायाभूत निबंध आधी नाकारला गेला होता. यॅलोबाईंनी ते नकारपत्र जपून ठेवलं आणि १९७७ मध्ये नोबेलच्या भाषणात सगळ्यांना दाखवलं. बर्सन तोवर वारले होते. दोघांनी या युक्तीचं पेटंट घेतलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा.

१९६० च्या दशकात त्याच युक्तीनं टीएसएच मोजणं सुरू झालं. आणि टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नाहीच, हे इथे समजून घेऊ. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून. ती मुकादम, थायरॉइड कामगार. कामगार ढिला पडला की मुकादम ओरडतो. टीएसएच म्हणजे ती आरोळी. काम थोडं कमी झालं तरी आरोळी कितीतरी पटींनी चढते, म्हणून टी-४ नॉर्मल असतानाही टीएसएच आधी बोंब मारतो.

आपल्याकडेही हे तंत्र आलं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं, थायरॉइडचे पेशंट तिथे वर्षानुवर्षं येत राहिले. अणुऊर्जा खात्याचीच वाशीची संस्था, ब्रिट, टी-३, टी-४, टीएसएचचे आरआयए किट पुरवू लागली. आज बहुतेक लॅबमध्ये किरणोत्सर्गाऐवजी प्रकाशावर चालणारी यंत्रं आहेत, पण अँटीबॉडीनं हार्मोन पकडायचं मूळ तत्त्व तेच.

मग ४.८ चं काय? मर्यादा ठरवतात ती निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून. म्हणजे शंभरातले पाच जण ठणठणीत असूनही रेषेबाहेर. शिवाय टीएसएच दिवसभर सारखा नसतो, रात्री चढतो, दुपारी उतरतो. केसांसाठी घेतो त्या बायोटिनच्या गोळ्यासुद्धा काही यंत्रांना चकवतात.

मरेंच्याच न्यूकॅसलजवळ, व्हिकहॅम भागात, १९७० च्या दशकात सुमारे २,८०० लोकांची तपासणी झाली. टीएसएच वाढलेल्या बायका निघाल्या शंभरात सात-आठ, पुरुष शंभरात तीन. वीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा पाहिलं. ज्या बायकांचा नुसता टीएसएच वाढलेला होता, त्यांच्यात दरवर्षी २.६ टक्के जणींना खरा आजार झाला. टीएसएचसोबत अँटीबॉडीही असल्या तर ४.३ टक्के. त्या अँटीबॉडी म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर उलटल्याची खूण. असा आजार जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ मध्ये वर्णिला होता, पण कारण १९५६ मध्ये कळलं.

म्हणून टी-४ ठीक आणि टीएसएच चार ते दहाच्या मधे असला, तर डॉक्टर सहसा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, अँटीबॉडी बघतात. दहाच्या वर गेला तर गोळीकडे कल झुकतो. गरोदरपण असेल किंवा बाळाचा विचार असेल तर मर्यादाच वेगळ्या, तिथे थांबू नका. २०१७ मध्ये ६५ च्या पुढच्या ७३७ लोकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अशा किंचित वाढलेल्या टीएसएचसाठी गोळी घेऊन त्यांचा थकवा काही कमी झाला नाही. माझ्या मते ‘बाण दिसला, गोळी सुरू’ ही घाईच आहे.

पण उलटी चूकही तितकीच वाईट. टीएसएच नॉर्मल आला की ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून घरी पाठवायचं. थकवा खरा असतोच. हिमोग्लोबिन, बी-१२, झोप, नैराश्य, काहीतरी शोधायला हवं. आणि क्वचित मुकादमच आजारी असतो. तेव्हा टीएसएच साळसूदपणे नॉर्मल दिसतो आणि टी-४ खाली असतो. म्हणून लक्षणं ठाम असतील तर डॉक्टरांना फ्री टी-४ बद्दल जरूर विचारा.

शेवटचा थांबा कॅनडा. १९७४ च्या सुमारास क्यूबेकमध्ये ज्याँ दुसो यांनी नवजात बाळांच्या टाचेतला रक्ताचा थेंब टिपकागदावर घेऊन थायरॉइड तपासायला सुरुवात केली. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत गोळी मिळाली तर बुद्धीची वाढ नीट होते. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही. तेव्हा घरात बाळ येणार असेल, तर डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या: टीएसएच पाहिला का?

पुढच्या भागात मीठ. कांगडा खोऱ्यातला गलगंड आणि आपल्या डब्यातलं आयोडीन. भेटू!