ग्लासगोची सहल: स्कॉटिश नोटांचा हिशेब आणि विनाशुल्क पाहण्याजोगे शहर

महाराष्ट्रातून आलेल्या आई-वडिलांना स्कॉटलंड दाखवायचे ठरले, की एडिंबराचा किल्ला आणि डोंगराळ प्रदेशातील सरोवरे यादीत आधी येतात. ग्लासगोच्या वाट्याला बहुधा एखादी दुपार उरते. हे शहर त्याहून अधिक वेळाला पात्र आहे. येथील नगरपालिकेच्या संग्रहालयांना प्रवेशशुल्क नाही, चार-पाच जणांच्या कुटुंबाला याचा मोठा दिलासा मिळतो. शिवाय मराठी माणसाच्या इतिहासाचे धागेदोरे ब्रिटनमधील फार थोड्या शहरांत इतक्या उघडपणे रस्त्यावर सापडतात. मात्र येथील पैशाचे व्यवहार लंडनपेक्षा थोडे निराळे आहेत. ते आधी समजून घेतलेले बरे.

स्कॉटिश नोटांचे कोडे

स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाईड्सडेल बँक या तीन व्यापारी बँकांना स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार आहे. एटीएममधून किंवा दुकानातल्या सुट्या पैशांतून याच नोटा हाती पडतात. क्लाईड्सडेलच्या १० पौंडांच्या नोटेवर कवी रॉबर्ट बर्न्स आहेत, तर रॉयल बँकेच्या २० पौंडांच्या नोटेवर ग्लासगोत चहागृहे चालवणाऱ्या केट क्रॅन्स्टन. या नोटांचे मूल्य बँक ऑफ इंग्लंडच्या पौंडाइतकेच असते, एका पेनीचाही फरक नसतो.

गोंधळ होतो तो 'विधिग्राह्य चलन' या शब्दावरून. कायद्यात या संज्ञेचा अर्थ फार अरुंद आहे. ऋण फेडताना असे चलन देऊ केल्यास देणेकऱ्यावर पैसे न फेडल्याचा दावा चालत नाही, एवढाच तो. त्या अर्थाने स्कॉटिश नोटा कोठेही विधिग्राह्य नाहीत, खुद्द स्कॉटलंडमध्येही नाहीत. गंमत अशी, की बँक ऑफ इंग्लंडच्या नोटाही स्कॉटलंडमध्ये त्या अर्थाने विधिग्राह्य नाहीत. रोजच्या व्यवहारात मात्र दोन्ही नोटा ग्लासगोत बिनदिक्कत चालतात. कोणती नोट घ्यायची हा दुकानदाराचा प्रश्न असतो, कायदा त्याच्यावर सक्ती करत नाही.

अडचण स्कॉटलंडची सीमा ओलांडल्यावर सुरू होते. इंग्लंडमधील एखादा दुकानदार केवळ अपरिचयामुळे नोट परत करू शकतो. मुंबई-पुण्यातील परकीय चलन बदलून देणारे अनेक जण या नोटा घेतच नाहीत, किंवा कमी दराने घेतात. पाहुण्यांनी आठवण म्हणून, अथवा 'पुढच्या खेपेस उपयोगी पडेल' म्हणून पाकिटात ठेवलेली वीस पौंडांची नोट मग कपाटातच राहते. स्कॉटलंड सोडण्यापूर्वी या नोटा खर्च कराव्यात, किंवा ज्या नातेवाइकांकडे उतरलो त्यांच्या खात्यात भरून तेवढ्याच रकमेच्या बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा घ्याव्यात.

उलट दिशेची चूकही नेहमीची आहे. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या सहलीतून उरलेल्या कागदी नोटा आणि जुनी गोल एक पौंडाची नाणी पाहुणे जपून आणतात. ती आता दुकानात चालत नाहीत. गोल पौंड ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि २० व ५० पौंडांच्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२ अखेर व्यवहारातून गेल्या. सध्या पॉलिमरच्या नोटा आणि बारा कडांचे नाणे चालते. जुन्या नोटा निरुपयोगी झालेल्या नाहीत. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कायम बदलून देते आणि स्कॉटिश नोटा ती ती बँक स्वीकारते. पण दोन आठवड्यांच्या सहलीत त्यासाठी एक सकाळ खर्ची पडते, तेव्हा निघण्यापूर्वीच पाकीट तपासावे.

खासगी बँकेची नोट सुरक्षित कशी, हा प्रश्न हिशेबी पाहुणा विचारतोच, आणि ग्लासगोत तो विचारणे रास्तही आहे. ऑक्टोबर १८७८ मध्ये येथील सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. भारताशी व्यापार करणाऱ्या पेढ्यांना दिलेली प्रचंड कर्जे आणि त्यावर पांघरूण घालणारे खोटे ताळेबंद हे तिच्या नाशाचे एक प्रमुख कारण होते. भागधारकांचे दायित्व अमर्याद असल्याने बँकेचे देणे त्यांच्या घरादारावर आले. सुमारे १,८०० भागधारकांपैकी दिवाळखोरीतून वाचलेले जेमतेम अडीचशे होते. संचालकांना तुरुंगवास झाला. नोटधारक मात्र वाचले, कारण इतर स्कॉटिश बँकांनी त्या बँकेच्या नोटा स्वीकारण्याचे ठरवले. आज असा भरवसा इतरांच्या सौजन्यावर सोडलेला नाही. २००९ च्या बँकिंग कायद्यानुसार नोटा काढणाऱ्या बँकांना त्यांच्या मूल्याइतकी सुरक्षित मालमत्ता राखून ठेवावी लागते.

कार्ड, टिप आणि कर

रोख रकमेची गरज ग्लासगोत फारशी पडत नाही, बसपासून चहाच्या टपरीपर्यंत कार्ड चालते. भारतातील कार्ड वापरताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. यंत्रावर 'रुपयांत की पौंडांत?' असा प्रश्न आला, तर नेहमी पौंड निवडावेत. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, परंतु त्यात दुकानाच्या बँकेने ठरवलेला महाग दर लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे भारतीय क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहारासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. आठवडाभराचा खर्च करायचा असेल, तर पौंडांत भरलेले प्रवासी कार्ड स्वस्त पडते. काही एटीएम पैसे काढण्याचे शुल्क घेतात आणि तसे पडद्यावर लिहिलेले असते. अशा वेळी व्यवहार रद्द करून बँकेच्या भिंतीतले यंत्र शोधावे.

अमेरिकेतून येणाऱ्यांना टिपचा हिशेब हलका वाटेल. बसून जेवण्याच्या ठिकाणी दहा ते साडेबारा टक्के पुरे, आणि बिलात 'सेवा आकार' आधीच धरला असेल तर वेगळे काही देण्याची आवश्यकता नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ही रक्कम पूर्णपणे कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते. ती मालकाच्या खिशात जाईल, ही शंका आता बाळगू नये.

खरेदीच्या बाबतीत जुनी माहिती अजून अनेकांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. परदेशी पर्यटकाला विमानतळावर मूल्यवर्धित कर परत मिळण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बंद झाली. बुकॅनन स्ट्रीटवर लोकरी शाल घेताना त्यातले वीस टक्के परत मिळतील, असे गृहीत धरून किंमत काढू नये. निवासाचा खर्चही वाढणार आहे. जानेवारी २०२७ पासून ग्लासगोत मुक्कामाच्या भाड्यावर पाच टक्के पर्यटक कर लागू होईल. २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६ हे राष्ट्रकुल स्पर्धांचे दिवस आहेत. त्या काळातील खोल्यांचे भाव पाहून तारीख ठरवावी.

एक बचत नळाशी आहे. शहराला १८५९ पासून लॉख कॅट्रिन या डोंगरातील सरोवराचे पाणी मिळते आणि त्याची चव उत्तम आहे. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवणे येथे निव्वळ सवयीचा भाग आहे.

ये-जा

विमानतळाला रेल्वे जोडलेली नाही. शहरात येण्यासाठी ५०० क्रमांकाची बस आहे आणि चौघे असतील तर टॅक्सीचा हिशेबही करून पाहावा. शहरातील भुयारी रेल्वे १८९६ ची. लंडन आणि बुडापेस्टनंतरची ती जगातील तिसरी जुनी भुयारी रेल्वे मानली जाते. तिचा मार्ग एकच, वर्तुळाकार आहे. पंधरा स्थानके आणि सुमारे चोवीस मिनिटांत पूर्ण फेरी, त्यामुळे चुकीच्या दिशेची गाडी पकडली तरी माणूस हरवत नाही. दिवसभराचे तिकीट दोन-तीन फेऱ्यांत वसूल होते. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की रविवारी ही सेवा संध्याकाळी सहाच्या सुमारास थांबते.

साठ वर्षांवरील ज्येष्ठांना स्कॉटलंडमध्ये बसप्रवास विनामूल्य आहे, हे ऐकून पाहुणे हुरळतात. ती सवलत तेथील रहिवाशांची आहे, पाहुण्यांना तिकीट काढावेच लागते. रेल्वेत मात्र सर्वांचा फायदा झाला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचे चढे भाडे रद्द केले. एडिंबरा सुमारे पन्नास मिनिटांवर आहे. तेथील महागड्या खोल्यांऐवजी ग्लासगोत मुक्काम करून सकाळच्या गाडीने जाण्याचा बेत आता अधिक परवडतो. लॉख लोमंड पाहायचे असल्यास बॅलॉखपर्यंत थेट गाडी आहे.

घोड्यावरचा वेलिंग्टन आणि असई

बुकॅनन स्ट्रीटलगतच्या रॉयल एक्स्चेंज चौकात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा आहे. मारोकेत्ती या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १८४४ मध्ये उभा राहिला. त्याच्या डोक्यावर गेली काही दशके वाहतुकीचा नारिंगी शंकू दिसतो. नगरपालिका तो काढते आणि रात्रीतून कोणीतरी पुन्हा चढवते. २०१३ मध्ये चौथरा उंच करून हा खेळ थांबवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनी विरोधाची मोहीम उभारली आणि तो मागे घ्यावा लागला. पर्यटक शंकूचे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात.

मराठी माणसाने थोडे खाली पाहावे. चौथऱ्यावरील कांस्यपटांपैकी एक वॉटर्लूच्या लढाईचा आहे आणि दुसरा असईचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या सैन्याचा आर्थर वेलस्ली याने पराभव केला. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मराठ्यांच्या तोफांनी त्या दिवशी ७४ व्या हायलंड पलटणीची भयंकर हानी केली. ही पलटण १८८१ मध्ये हायलंड लाइट इन्फंट्रीत विलीन झाली आणि ती पुढे ग्लासगो शहराची पलटण म्हणूनच ओळखली गेली. ज्या लढाईने दख्खनमधील मराठी सत्तेचा कणा मोडला, तिचे चित्र येथे भर बाजारात आहे. त्याखाली कॉफीचे पेले घेऊन तरुण मंडळी बसलेली असतात.

मागची खांबांची इमारत म्हणजे आधुनिक कलेचे संग्रहालय. ती मूळ विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्याची हवेली. १८१७ मध्ये ती रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडे गेली आणि पुढे व्यापाऱ्यांचे एक्स्चेंज झाली. आसपासच्या रस्त्यांची व्हर्जिनिया, जमैका, ग्लासफोर्ड ही नावे गुलामांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या संपत्तीची आहेत. ग्लासगो विद्यापीठाने २०१८ मध्ये स्वतःला झालेल्या अशा लाभाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढच्या वर्षी दोन कोटी पौंडांच्या भरपाईचा कार्यक्रम जाहीर केला.

केल्विनग्रोव्ह आणि परिसर

एकच संग्रहालय पाहण्याइतका वेळ असेल, तर १९०१ मध्ये उघडलेले केल्विनग्रोव्ह पाहावे. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि वास्तुकाराने वरून उडी मारली, ही दंतकथा वाटाड्ये आवडीने सांगतात. तिच्यात तथ्य नाही. छताला टांगलेले स्पिटफायर विमान मुलांना खिळवते. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली याचे क्रुसावरील ख्रिस्ताचे प्रसिद्ध चित्र येथेच आहे. १९५२ मध्ये ते ८,२०० पौंडांना घेतले, तेव्हा एवढी उधळपट्टी कशासाठी म्हणून कलाविद्यार्थ्यांनीच निषेध केला होता. दुपारी एक वाजता (रविवारी तीन वाजता) मध्यवर्ती दालनात ऑर्गनवादन होते आणि तेही विनामूल्य असते.

याच इमारतीत १९ ऑगस्ट २०२२ रोजी सात वस्तूंची मालकी भारताकडे देण्याच्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. भारताला वस्तू परत करण्याचा असा करार करणारे ब्रिटनमधील पहिले संग्रहालय म्हणून ग्लासगोची नोंद झाली. सहा वस्तू एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातील देवळांतून व पवित्र स्थळांवरून नेलेल्या होत्या. सातवी म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून १९०५ मध्ये चोरीस गेलेली तलवार. ती मुंबई विभागाचे सेनापती जनरल आर्चिबाल्ड हंटर यांना विकली गेली आणि त्यांच्या कुटुंबामार्फत १९७८ मध्ये येथे पोचली.

केल्विनग्रोव्हच्या मागे टेकडीवर विद्यापीठाचा मनोरा दिसतो. मुंबईकराला तो ओळखीचा वाटला तर नवल नाही. १८७० मध्ये सुरू झालेल्या या इमारतीचे वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे केले होते, तेही मुंबईत पाऊल न टाकता. टेकडीच्या पायथ्याशी, ला बेल प्लेस येथे हिंदू मंदिर आहे. ज्येष्ठांना थोडे टेकायचे असल्यास ते सोयीचे पडते.

नदीकाठचे रिव्हरसाइड संग्रहालय झाहा हदीद यांच्या आराखड्याचे, २०११ मधले. जुन्या ट्राम, बोटी आणि आगगाड्या तेथे आहेत. स्प्रिंगबर्न भागातील नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीची इंजिने क्लाईड नदीवरून जहाजात चढून भारतातील रेल्वे कंपन्यांकडे जात. फिनिस्टनची अजस्र क्रेन अजून उभी आहे. पॉलोक पार्कमधील बरेल संग्रहासाठी निदान अर्धा दिवस राखावा. जहाजमालक विल्यम बरेल यांनी १९४४ मध्ये हा संग्रह शहराला दिला आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. कॅथीड्रल, शेजारचे सेंट मंगो संग्रहालय आणि टेकडीवरचे नेक्रॉपोलिस हे स्मशान एका सकाळीत होते. सेंट मंगोमध्ये नटराजाची मूर्तीही आहे.

मॅकिंटॉशने घडवलेली कलाशाळेची इमारत पाहायला मात्र जाऊ नये. २०१४ आणि २०१८ च्या आगींनंतर ती प्रेक्षकांसाठी बंदच आहे. त्याऐवजी सॉकीहॉल स्ट्रीटवरील १९०३ चे विलो चहागृह गाठावे. ते मॅकिंटॉशनेच केट क्रॅन्स्टन यांच्यासाठी सजवले होते. चहा तेथे स्वस्त नाही, पण वीस पौंडांची ती स्कॉटिश नोट खर्च करायला याहून योग्य गल्ला सापडणार नाही.