घेटुळीची सनद

पहिल्या पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की शेताच्या बांधावर, वाटेच्या कडेला, पडक्या वाड्याच्या चौथऱ्यावर एक वेल जमिनीला चिकटून पसरू लागते. तांबूस दांडे, समोरासमोर पण लहानमोठी पाने, पानांची खालची बाजू पांढुरकी, फुले मोहरीएवढी आणि गुलाबी. उन्हाळ्यात ती वाळून दिसेनाशी होते, पण मूळ जमिनीत जिवंत असते आणि पाऊस येताच पुन्हा फुटते. म्हणून संस्कृतात तिला पुनर्नवा म्हणतात. आपण मराठीत घेटुळी म्हणतो. आपल्या कानडी शेजाऱ्याची ती कोम्मे, बडोद्याकडे साटोडी आणि केरळात तळुतामा.

आयुर्वेदात या वेलीचा मान जुना आहे. चरकसंहितेत वय टिकवून धरणाऱ्या दहा औषधींत तिची गणना आहे. शोथघ्नी, म्हणजे सूज मोडणारी, हे तिचे दुसरे नाव. पायांवर, तोंडावर सूज आली, लघवी कमी झाली, अंग पांढरेफटक पडले, की वैद्य पुनर्नवाष्टक काढा किंवा पुनर्नवा मंडूर देत. आजच्या बाटल्यांवर ‘रक्ताभिसरणासाठी’ असे छापलेले असते. तो शब्द अर्थातच नवा. रक्त शरीरात फिरते हे विल्यम हार्वेने १६२८ साली ग्रंथरूपाने मांडले. त्याच्या कितीतरी आधी आपल्या वैद्यांनी सूज आणि मूत्र यांचा संबंध अनुभवाने हेरला होता.

या वेलीच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र आपल्यासारख्या दुभाषी मुलखातील माणसाने मुद्दाम वाचावे असे आहे. सतराव्या शतकात कोचीला डचांची सत्ता होती. तेथील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारातील वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. ‘हॉर्टस मलबारिकस’ हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे १२ खंड ॲम्स्टरडॅमला लॅटिनमध्ये छापले गेले. सातव्या खंडात आपली घेटुळी ‘तालु-दामा’ या नावाने चित्रासह आली आहे. मल्याळी उच्चार डच कानांनी ऐकला, तो असा.

हे ज्ञान साहेबाला कोणी दिले? इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने, आणि त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तिघा कोकणी ब्राह्मण वैद्यांनी. पोर्तुगीज अमलात गोमंतक सोडून ज्या घराण्यांनी कोचीचा आसरा घेतला, त्या समाजातले हे तिघे. १६७५ साली त्यांनी आपल्या साहाय्याची साक्ष लिहून दिली, ती कोकणीत आणि नागरी लिपीत. ती पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली आहे. नागरी अक्षरे छापून निघाल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. घरदार सुटलेल्या माणसांनी परमुलखात आपली भाषा, लिपी आणि विद्या तिन्ही सांभाळली, याचा हा छापील पुरावा आहे.

पुढे व्हान रेडे १६९१ मध्ये कोचीहून सुरतेला येताना जहाजावरच वारला. त्याची कबर सुरतेस आहे. १७५३ मध्ये लिनियसच्या ग्रंथात आपल्या वेलीला ‘बोअरहाविया डिफ्यूजा’ हे नाव मिळाले. बोअरहावे हा लायडनचा नामांकित वैद्य. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. त्याचे नाव जगभर झाले आणि रंगभटांचे नाव त्या एका साक्षीपुरते उरले. तीही लॅटिनच्या कुलुपात होती. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. के. एस. मणिलाल यांनी अनेक दशके खपून हा ग्रंथ इंग्रजीत आणला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, २००८ मध्ये मल्याळममध्ये आला. १ जानेवारी २०२५ रोजी मणिलाल निवर्तले.

नव्या शास्त्रानेही घेटुळीची पारख केली. १९२३ साली कलकत्त्यात डॉ. रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. लघवी वाढविण्याच्या तिच्या गुणामागे तिच्यातील पोटॅशियमच्या क्षारांचा वाटा असल्याचे दिसून आले. यातच धोकाही आहे. ज्याचे मूत्रपिंड दुबळे आहे किंवा जो हृदयविकाराच्या गोळ्या घेतो, त्याच्या रक्तात पोटॅशियम वाढणे जिवावर बेतू शकते. शिवाय पायांची सूज हे लक्षण आहे. रोग हृदयाचा, यकृताचा की मूत्रपिंडाचा, हे तपासल्याशिवाय काढा घेऊ नये.

नावाचा घोटाळा आणखी वेगळा. पांढरी पुनर्नवा म्हणून अनेकदा विषखापरा विकला जातो. त्याची पाने मांसल असतात आणि फूल पानाच्या बेचक्यात दडलेले असते. वनस्पती दोन, नाव एक; आणि सीमेपलीकडच्या भाषेत आणखी तिसरेच. अशा वेळी ज्याला दोन्ही भाषांतली नावे ठाऊक, त्याची फसगत कमी होते.

आपल्या घराघरांतील आजीला अशी दहावीस नावे दोन भाषांत सहज येतात. कोचीच्या त्या चौघांना विचारणारा कोणी भेटला, म्हणून त्यांची विद्या कागदावर उतरली. यंदा सुटीला घरी आलेल्या नातवंडांनी वही घेऊन आजीशेजारी बसावे, पान वहीत दाबावे आणि खाली तिची दोन्ही नावे लिहावीत. सांगणारीचे नाव लिहायला मात्र विसरू नये.