सूत्रकृमी नियंत्रणातील उपकारक जिवाणू

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी यांसारख्या भाजीपाला पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींचा जमिनीतील जिवाणूंकरवी बंदोबस्त करण्याची जैविक पद्धती. मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉयडोगायनी प्रजातीतील सूत्रकृमींविरुद्ध ती प्रामुख्याने वापरतात. शेतकऱ्यांमध्ये ही कीड ‘निमॅटोड’ नावाने ओळखली जाते.

या सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत. अंड्यातून बाहेर पडलेली दुसऱ्या अवस्थेतील पिले मुळाच्या टोकाजवळून आत शिरतात. त्यांच्या स्रावामुळे मुळातील काही पेशी अवाढव्य होतात व त्यांभोवती गाठी येतात. अन्नपाण्याचे वहन अडल्याने झाड पिवळे पडते, खुरटते आणि दुपारी माना टाकते. मादी चिकट आवरणात शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत जीवनचक्र सुमारे महिनाभरात पुरे होत असल्याने एकाच हंगामात अनेक पिढ्या निपजतात. सूत्रकृमींनी ग्रासलेल्या मुळांत मर रोगाचाही शिरकाव सहज होतो. पॉलिहाउसमध्ये तीच पिके वारंवार घेतल्यास उपद्रव वाढत जातो.

स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जिवाणू मुळांच्या पृष्ठभागावर वस्ती करतो. त्याच्या काही वाणांनी तयार केलेली प्रतिजैविके व हायड्रोजन सायनाइड पिलांना मारक ठरतात. त्याच्या सान्निध्यात वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागृत होते. बॅसिलस सबटिलिस व बॅसिलस फर्मस हे बीजाणू तयार करणारे जिवाणू आहेत. बीजाणूंमुळे त्यांची पावडर अधिक काळ टिकते. बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या काही वाणांतील स्फटिक प्रथिनेही सूत्रकृमींना विषारी असतात.

पाश्चुरिया पेनिट्रान्स हा जिवाणू सूत्रकृमींचा खरा परजीवी होय. त्याचे बीजाणू जमिनीतून फिरणाऱ्या पिलांच्या त्वचेला चिकटतात आणि पिलू मुळात शिरून खाऊ लागल्यावर रुजतात. बाधित मादीचे शरीर लाखो बीजाणूंनी भरते. तिची प्रजननक्षमता नष्टप्राय होते. मादी कुजल्यावर बीजाणू पुन्हा जमिनीत मिसळतात व कोरड्या मातीतही दीर्घकाळ तग धरतात. यजमानाबाबतची काटेकोर निवड आणि प्रयोगशाळेत वाढवण्यातील अडचणी यांमुळे त्याचा प्रसार मर्यादित राहिला आहे.

पिले मुळात शिरण्यापूर्वीच जिवाणूंची वस्ती मुळांभोवती झालेली असावी लागते. म्हणून वापराची सुरुवात रोपवाटिकेपासून करतात. बियाण्याला जिवाणूंची पावडर चोळणे, गादीवाफ्यात किंवा ट्रेमधील कोकोपीटमध्ये ती मिसळणे, लागवडीआधी रोपांची मुळे द्रावणात बुडवणे आणि ठिबकमधून द्रावण सोडणे या प्रचलित रीती होत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात जिवाणू मिसळून, ढीग सावलीत ओलसर ठेवून तेथे ते वाढू देतात. असे समृद्ध खत लागवडीच्या वेळी सरीत घालतात. बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सची उत्पादने व शेणखतातून ती देण्याची पद्धत विकसित केली आहे.

जिवाणूंचा परिणाम ओलावा, तापमान, सेंद्रिय कर्ब व वाणाची गुणवत्ता यांवर अवलंबून असतो. कोरड्या, तापलेल्या जमिनीत तो घटतो. ताम्रयुक्त बुरशीनाशके किंवा प्रतिजैविके त्यांच्यासोबत मिसळू नयेत. मुळात गाठी आल्यानंतर केलेला उपाय अपुरा पडतो. या पद्धतीने सूत्रकृमी समूळ नष्ट होत नाहीत. त्यांची संख्या नुकसानीच्या पातळीखाली राखता येते. त्यासाठी निंबोळी पेंड, झेंडूची लागवड, पीक फेरपालट, उन्हाळ्यात पारदर्शक पॉलिथिनने जमीन तापवणे आणि पिकाचे प्रतिकारक्षम वाण यांची जोड द्यावी लागते.