पावणेचारच्या आधी

वडवणीकडच्या माणसाला धरण म्हटले की अप्पर कुंडलिका आठवते, नाहीतर गावाजवळचा पाझर तलाव. मातीच्या धरणाची रीत आपल्याला ठाऊक असते: काळ्या मातीचा गाभा, त्यावर मुरमाचा भराव, पाण्याच्या अंगाला दगडांचे पिचिंग, कडेला सांडवा. आधी बांध पुरा होतो, मग पाणी येते. खाणीच्या टाकाऊ गाळाच्या धरणाचे उलटे असते. बांध आणि साठा वर्षानुवर्षे बरोबरीने चढत जातात, आणि जो माल अडवायचा त्याच मालाने पुष्कळदा बांध उंच करतात. परळीच्या औष्णिक केंद्रातली राख पाण्यात कालवून तळ्यात सोडतात, ती तळी याच कुळातली. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख शेतात आणि नदीत शिरली. त्याच कुळातले एक बदनाम नाव आहे ब्राझीलचे फुंदाव. मिनास जेराइस राज्यात मारियाना गावाजवळच्या या धरणाची घटिका भरली ५ नोव्हेंबर २०१५ रोजी दुपारी पावणेचारला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. दिवाळी आठवड्यावर होती आणि दुष्काळाने मराठवाड्यातल्या तलावांचे तळ उघडे पडले होते.

घड्याळ मात्र बरेच आधी लावावे लागते.

६ वर्षे ७ महिने आधी

फुंदावजवळच्या खाणीतले लोहखनिज आणि आपल्या गोव्यातले, दोन्ही एकाच जातीचे. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला, लोह आणि गारगोटीचे पातळ पट्टे आलटून पालटून बसलेला हा खडक. युगानुयुगे पाणी मुरून ज्या थरांतली गारगोटी धुऊन गेली ते थर श्रीमंत. ते नुसते खणून जहाजात भरता येतात. ते संपत आले की खालच्या गरीब पट्ट्यांना हात घालावा लागतो. मग खडक पिठासारखा दळायचा, चक्राकार फिरणाऱ्या पाण्यात अतिबारीक कण वेगळे काढायचे आणि उरलेला लगदा टाक्यांत घालून हवेचे बुडबुडे सोडायचे. मक्याच्या स्टार्चने लोहाचे कण दबून खाली राहतात, अमाइन नावाच्या रसायनाने गारगोटीचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर निघून जातात. लोह नळातून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या बंदराकडे जाते. मागे दोन प्रकारचा कचरा उरतो: गारगोटीची वाळू आणि लालसर चिकट गाळ. हा कारखाना सामार्कोचा. व्हाले आणि बीएचपी बिलिटन या दोन बड्या कंपन्यांची त्यात निम्मी निम्मी भागीदारी.

फुंदावचा सगळा हिशेब या दोन कचऱ्यांवर होता. वाळूतून पाणी झिरपून जाते, ती घट्ट बसते, तिच्यावर उभे राहता येते. गाळात पाणी अडकून राहते. म्हणून पुढे वाळू, मागे गाळ, आणि वाळू कोरडी ठेवायला तळाशी निचऱ्याचे दगडी थर. कागदावर ही योजना चांगलीच होती, हे मान्य करायला हवे.

एप्रिल २००९ मध्ये, धरण वापरात येऊन काही महिनेच झाले असताना, पहिल्या बांधाच्या पायथ्यातून माती वाहू लागली. तळातला निचरा नीट बांधलेलाच नव्हता. साठा रिकामा केला, बांध दुरुस्त केला आणि मूळ निचरा सोडून दिला. त्याऐवजी वरच्या पातळीवर एक नवा निचरा थर घातला. धरण वाचले. पण आता वाळूचा खालचा भाग ओला राहणार होता.

३ वर्षे आधी

गाळ बांधाच्या माथ्यापासून किमान २०० मीटर लांब ठेवायचा, असा नियम होता. २०११ आणि २०१२ मध्ये तो पुन्हा पुन्हा मोडला. काही वेळा गाळ ६० मीटरपर्यंत आला. कारखाना थांबत नाही, नळ चालू राहतो, आणि गाळ कुठेतरी सोडावाच लागतो.

त्यातच जुने दुखणे वर आले. धरणाच्या पोटातून पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या दोन गॅलऱ्या वरचा भार पेलण्याजोग्या नाहीत, हे आधीच कळले होते. डाव्या बाजूची गॅलरी भरून काढेपर्यंत तिच्यावर बांध चढवता येईना. मग २०१२ मध्ये डाव्या खांद्याकडे बांधाची रेषा मागे, साठ्याच्या अंगाला वळवली, म्हणजे जिथे गाळ पसरलेला होता तिथेच. पुढचे दोन हंगाम भराव त्यावर चढत गेला. माझ्या मते धरण फुटायचे इथेच ठरले. कुणी मुद्दाम चिखलावर पाया घातला नव्हता. त्या दिवशी समोर असलेल्या अडचणीतून प्रत्येकाने सुटका शोधली होती.

१४ महिने आधी

२७ ऑगस्ट २०१४. डाव्या खांद्याला, नेमक्या त्या वळणावर, भेगा पडल्या. पायथ्याशी भरावाचा टेकू दिला आणि उंची वाढवणे चालू राहिले.

दीड तास आधी : दुपारी सव्वादोन

अवघ्या चार मिनिटांत भूकंपाचे तीन छोटे धक्के बसले, रिश्टर मापावर अडीचच्या आसपास. असल्या धक्क्याने घरातली भांडीसुद्धा क्वचितच पडतात. आपली माणसे धरणावर जाऊन पाहून आली आणि काही वावगे आढळले नाही, असे कंपनीने पुढे सांगितले. ते खरेही असेल, कारण डोळ्यांना दिसेल असे बाहेर काही नव्हते.

आत काय चालले होते ते नॉर्बर्ट मॉर्गनस्टर्न यांच्या अध्यक्षतेखालील चौघा तज्ज्ञांच्या समितीने ऑगस्ट २०१६ मध्ये मांडले. ओला चिखल मुठीत आवळला की बोटांच्या फटीतून निसटतो. तसाच वरचा भार वाढत गेला तसा खालचा गाळ आडवा, बाहेरच्या बाजूला सरकत होता. त्याच्यावर बसलेली वाळू त्याच्याबरोबर ओढली जाऊन सैल पडत होती. कोरडी वाळू सैल झाली तर खचते आणि थांबते. पाण्याने तुडुंब असलेली सैल वाळू एकदा हलली की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, सगळा भार पाण्यावर येतो आणि घन ढिगाचा क्षणात द्रव होतो. धक्क्यांनी फक्त शेवटचा रेटा दिला. त्यांच्याविना हे घडायला किती वेळ लागला असता एवढाच प्रश्न उरला होता.

या दीड तासात धरणावर आणि त्याच्या खाली माणसे कामाला होती. सहाएक किलोमीटर खाली बेंतो रोद्रिगेस गावात सुमारे ६०० माणसे होती, शाळा भरलेली होती. गावात भोंगा नव्हता.

दुपारी पावणेचार

डाव्या खांद्यावर धुळीचा लोट उठला. समोरच्या कडेला असलेल्या माणसांना साठ्याच्या मधोमध लाट उमटताना दिसली. उतार वितळल्यासारखा हलू लागला. सुमारे ११० मीटर उंचीचे धरण काही मिनिटांत गेले आणि ३.२ कोटी घनमीटर कचरा बाहेर पडला. आपल्या भाषेत १ टीएमसीहून थोडा जास्त, फक्त पाण्याऐवजी गाळ. खालचे सान्तारेम धरण फुटले नाही. लाट त्याच्या डोक्यावरून गेली.

पावणेचार ते संध्याकाळ

ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका बाईने वायरलेसवर धरण गेल्याचे ऐकले. ती दुचाकीवर बेंतो रोद्रिगेसच्या गल्ल्यांतून पळा पळा ओरडत फिरली. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना उंचावर नेले. आम्ही फोन केले होते, असे कंपनी म्हणाली. आम्हाला कुणाचा फोन आला नाही, असे गावकरी म्हणाले. गाव जवळजवळ पुरते गाडले गेले. दिवस मावळायला वेळ होता, बहुतेकांना टेकडी गाठता आली, म्हणून गावातले मृत पाच. उरलेले चौदा धरणावर आणि परिसरात कामावर असलेले. त्यांतले तेरा ठेकेदारांकडचे.

रात्र आणि पुढची पहाट

गाळ नदीपात्राने उतरत अंधारात पाराकातू गावात शिरला. तिथल्या लोकांना हेलिकॉप्टरने आलेल्या जवानांनी आधी हलवले होते. ६ नोव्हेंबरच्या पहाटे तो ‘बारा लोंगा’ या गावाच्या रस्त्यांवर होता. पुढे दोसे नदी लागली. गोव्हेर्नादोर व्हालादारेस या मोठ्या शहराला नदीचे पाणी उचलणे थांबवावे लागले. ६०० हून अधिक किलोमीटर वाहून, २१ नोव्हेंबरच्या सुमारास लाल पाणी अटलांटिकात मिसळले.

त्यानंतर ३ वर्षे २ महिने

२५ जानेवारी २०१९, दुपारचे १२ वाजून २८ मिनिटे. त्याच राज्यात ब्रुमादिन्यो येथे व्हालेचे ८६ मीटर उंचीचे गाळाचे धरण गेले. ते वापरात नव्हते, ते सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्रही होते. कंपनीचे कार्यालय आणि कर्मचाऱ्यांचे उपाहारगृह धरणाच्या थेट खाली होते आणि ती जेवणाची वेळ होती. मृतांचा आकडा २७०. इथे भोंगे बसवलेले होते; ते वाजले नाहीत, आणि भोंगाच गाळाखाली गेला, असे कंपनीप्रमुखांनी सांगितले. काही आठवड्यांत ब्राझीलने गाळावर गाळ चढवून बांधायच्या धरणांवर बंदी घातली आणि जुनी मोडीत काढायला मुदत दिली. ती मुदत अनेक कंपन्यांना पाळता आली नाही, कारण असे धरण उकरायला यंत्रे त्याच्यावरच चढवावी लागतात.