प्रवाशाच्या पायांची जागा

प्रवासाचा इतिहास लिहितांना लेखकांचें लक्ष बहुधा इंजिनाच्या वेगाकडे आणि पुलांच्या लांबीकडे जातें. त्या वेगानें जाणारा मनुष्य आंत कसा बसला होता, त्याची पाठ कशाला टेकली होती आणि त्याचे पाय कोठें होते, याची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः बैठकीपुढें पायांसाठीं किती जागा सोडली आहे, एवढ्यावरूनच गाडी चालविणाऱ्यानें प्रवाशाची काय किंमत केली होती तें समजतें. घडीच्या पादपीठाची कथा म्हणजे याच हिशेबाची कथा होय.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढें १८६४ च्या नोव्हेंबरांत बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजराथेंतून वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत येऊन पोंचला. खाडीच्या दक्षिण कांठीं मिठागरांना लागून असलेलें भाईंदर गांव त्यामुळें मुंबईच्या लोहमार्गावर आलें. १२ एप्रिल १८६७ पासून विरार आणि बॅक बे यांच्या दरम्यान रोज एक गाडी धावूं लागली.

त्या काळच्या तिसऱ्या वर्गांत साधें लांकडी बाक मिळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें तर १८७४ मध्यें चौथा वर्ग काढला आणि त्या डब्यांत बाकच ठेविलें नाहीं. ज्या देशांत जमिनीवर मांडी घालून बसण्याची रीत, तेथें बाक कशास हवें, असें या व्यवस्थेचें समर्थन करणें सोपें होतें. परंतु आपल्या घरच्या ओटीवर सुखानें घातलेली मांडी निराळी आणि हिसके खाणाऱ्या डब्यांत, दाटीमुळें पाय लांब करतां येत नाहींत म्हणून घालावी लागलेली मांडी निराळी. १८८५ च्या सुमारास या वर्गास बाकें मिळालीं आणि तोच तिसरा वर्ग ठरला. बाक आलें तरी पायांचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. उंच बाकावर ठेंगण्या माणसाचे पाय अधांतरीं लोंबत. ते वर घेऊन मांडी घालावी तर शेजाऱ्याची जागा अडे.

महात्मा गांधींनीं १९१७ च्या सप्टेंबरांत मुंबईहून मद्रासेस तिसऱ्या वर्गानें प्रवास केला आणि त्याची हकीकत लिहून प्रसिद्ध केली. डब्यावर बावीस प्रवाशांची पाटी होती. त्या बावीस जणांना केवळ बसण्यापुरतीच सोय होती. दोन रात्रींच्या त्या प्रवासांत सुरक्षितपणें आडवें होण्यास एकही फळी नव्हती. गांधींची तक्रार अस्वच्छता, गर्दी आणि एकूणच हेळसांड यांविषयीं होती. पण अंग लांब करण्यास जागा नसणें हा तिचा एक मोठा भाग होता.

पायांना आधार देण्याची कला त्या काळीं कोणास ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. साहेबांच्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत आणि पुढें सुखवस्तु एतद्देशीयांच्या ओटीवर वेताच्या विणीची लांब आरामखुर्ची असे. तिच्या हातांच्या खालीं दोन लांकडी पट्ट्या दडलेल्या असत. त्या पुढें फिरविल्या कीं त्यांवर पाय टाकून पडतां येई. काम झालें कीं पट्ट्या पुन्हां हातांखालीं जात. एका खिळ्याभोंवतीं फिरणारी पट्टी, एवढेंच तें यंत्र! अडचण होती ती जागेची. पसरलेली ती खुर्ची एका माणसासाठीं जेवढी लांबी घेई, तेवढींत तिसऱ्या वर्गाचीं समोरासमोरचीं दोन बाकें बसत.

म्हणून प्रवासांतील आराम प्रथम वर्गाच्या पायरीनेंच चढत गेला. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें मार्गावर ‘दक्खनची राणी’ सुरू झाली. तिच्या डब्यांचे सांगाडे विलायतेंत घडले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यांत बांधले गेले. परंतु तींत पहिला आणि दुसरा हे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशास त्या गाडींत पाय ठेवण्यास १९५५ साल उजाडावें लागलें.

पायांचा आधार ही चैन नव्हे, हें एका भीषण प्रसंगानें दाखविलें. १९४० सालीं लंडनवर बाँबवर्षाव होत असतां हजारों माणसें आश्रयस्थानांत कापडी खुर्च्यांवर बसून रात्री काढीत. डॉ. कीथ सिम्पसन यांस असें आढळून आलें कीं, त्यांतील कांहीं जण बाँबनें नव्हे, तर पायांच्या शिरांत गोठलेली रक्ताची गांठ फुप्फुसांत जाऊन मरण पावत होते. खुर्चीची पुढची लांकडी कड मांडीखालीं रुते आणि रक्ताचा परतीचा मार्ग अडे. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले म्हणजे पायांतील रक्त वर ढकललें जातें. तासन्‌तास निश्चल बसल्यानें तें काम थांबतें आणि पाय सुजतात. लांब पल्ल्याच्या गाडींत बसणाऱ्याचीही स्थिति तत्त्वतः हीच असते.

यावरून चांगल्या पादपीठाचीं लक्षणें ठरतात. केवळ तळपायाखालीं आडवा दांडा दिल्यानें ठेंगण्या प्रवाशाची सोय होते. परंतु मांडीवरील भार हलका होऊन रक्तास उतार मिळावयाचा असेल, तर पोटऱ्यांना खालून आधार हवा आणि पाय थोडे वर उचलले गेले पाहिजेत. हा आधार बैठकीच्या पुढच्या कडेस बिजागरीनें जोडावा, म्हणजे नको तेव्हां तो खालीं लोंबत राहतो. त्याची खीळ भार पडतां सुटूं नये, पण हातानें सहज सुटावी. घडी केल्यावर येण्याजाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे, कारण संकटाच्या वेळीं अडकलेला पाय प्राणघातक ठरूं शकतो. शिवाय बिजागरींत बोटें चिरडूं नयेत आणि खालचा केर काढतां यावा. घडीचें खरें मर्म हें कीं, एकच जागा बसणाऱ्यास आणि वाट काढणाऱ्यास आळीपाळीनें मिळते.

रस्त्यावरही हाच क्रम दिसतो. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली बस निघाली. तेव्हांच्या बेडफर्ड गाड्यांचे सांगाडे लांकडी आणि बैठका काथ्याच्या होत्या. त्यानंतर कांहीं वर्षांतच पुणें-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ या आरामगाड्या आल्या. त्यांत दोन-दोन आसनांच्या रांगा, पडदे आणि घड्याळही होतें. आज काशिमिऱ्यावरून अहमदाबादेकडे रात्रीं निघणाऱ्या कांहीं खासगी बसगाड्यांत आसनाची पाठ मागें कलते आणि पोटऱ्यांखालची गादी वर येते. व्हरांड्यांतील ती फिरती पट्टी अशा रीतीनें सामान्य उतारूपर्यंत पोंचली.

भाईंदरच्या लोहमार्गावर मात्र ती पोंचलेली नाहीं. १९३६ मध्यें विजेची गाडी विरारपर्यंत गेली. खाडीकांठच्या गांवांचें शहर झालें. १९८५ मध्यें मीरा-भाईंदरची नगरपरिषद आणि २००२ मध्यें महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तेथें ८ लाख ९ हजारांवर वस्ती आढळली. भाईंदर ते चर्चगेट हें सुमारें ४३ किलोमीटरांचें अंतर त्यांतील असंख्य लोक उभ्यानें काटतात. तिघांच्या बाकावर कडेला टेकणाऱ्या चवथ्याचा एक पाय वाटेंत असतो आणि समोरचें बाक रिकामें दिसतांच थकलेले पाय त्यावर जातात. हें वागणें शिष्टाचाराचें नव्हे, तरी पायांची गरज खरी आहे. तेथें घडीचें पादपीठ बसविणें शक्य नाहीं, कारण घडी उलगडण्यास लागणारी जागाच उभ्या माणसांनीं व्यापलेली असते. अशा प्रवाशांना पायांची जागा हवी असेल, तर ती अधिक गाड्या आणि अधिक डबे यांतूनच मिळावयाची.