पलटणीच्या कागदावरचं नाव

आधी एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जन्मतारखा आठवून बघा. आजोबा १ जून, मोठे काका १ जून, शेजारचे मामा पण १ जूनच! पोराला शाळेत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. आपण त्यावर हसतो. पण तोच पोरगा पुढं फौजेत गेला की ती तारीख त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला चढते, आणि तिथून ती हलवणं महाकठीण.

किती कठीण? थेट लष्करप्रमुखांचं उदाहरण घ्या. जनरल व्ही. के. सिंह यांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर १० मे १९५१ होतं, एनडीएच्या अर्जावर मात्र १० मे १९५०. सैन्यातल्या दोन शाखांकडे वर्षानुवर्षं दोन वेगळ्या तारखा होत्या. २०१२ साली ते सुप्रीम कोर्टात गेले. न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती गोखले यांच्यापुढं सुनावणी झाली, कोर्टाचा कल दिसला आणि त्यांनी अर्ज मागं घेतला. १९५० कायम राहिलं, ३१ मे २०१२ ला ते निवृत्त झाले. जनरलसाहेबांची ही गत, तर सांगोल्याच्या किंवा माळशिरसच्या हवालदाराचं काय घेऊन बसलात? माजी सैनिकाला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. कागदावरचं वय खऱ्यापेक्षा दोन वर्षांनी कमी असेल, तर ती वाढही दोन वर्षं उशिरा येणार.

त्याहून जास्त घोळ बायकोच्या नावाचा. आपल्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत. माहेरची चंद्रभागा सासरी लक्ष्मी होते. नवरा सुट्टीवरून परत जाऊन पलटणीत लग्नाची नोंद करतो, तेव्हा कधी एक नाव सांगतो, कधी दुसरं. आधारवर तिसरंच काहीतरी. तो हयात असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शनच्या वेळी विचारलं जातं, ही लक्ष्मी कोण आणि चंद्रभागा कोण? मग प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं लिहून द्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढं पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचा माणूस असेल तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. तिथं नोंद सुधारली की प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्तीचा पीपीओ निघतो. फौजी लोक ज्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात, ती नोकरीत असतानाच नीट करून घेतली तर हे सगळं वाचतं. माझ्या मते सुट्टीवर आलेल्या प्रत्येक जवानाला घरच्यांनी पहिल्यांदा हेच विचारावं.

पण यात निदान सांगायला घरचं माणूस असतं. जे परतलेच नाहीत त्यांच्या कागदांचं काय झालं, ते बघायला शंभर वर्षं मागं, इराकमध्ये जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत या गावात फौजेला वेढा पडला. १४७ दिवस! खायचे हाल झाले आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यातले अनेक कैदेत मेले.

या मोहिमेत मेलेल्या, पण कबर न सापडलेल्या ४० हजारांहून जास्त लोकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. ही नजरचूक नव्हती बरं का, ठरवून केलेलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या समितीनंच हे मान्य केलं: ४५ ते ५४ हजार जणांना, ज्यांत हिंदी आणि आफ्रिकी सैनिक प्रामुख्याने होते, बरोबरीचा मान मिळाला नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार जण असे, की ज्यांची नावानिशी किंवा कसलीच आठवण ठेवली गेली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

कमिशनची नावांची यादी आता मोबाइलवर शोधता येते. हिंदी शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हाही असतो. फक्त शोधायची युक्ती हवी. ती नावं मराठी तोंडातून मुन्शीच्या कानात आणि तिथून इंग्रजी अक्षरांत गेलेली. ‘माने’ आणि ‘मणे’ तिथं एकसारखेच दिसतात, ‘काळे’चा ‘काले’ होतो. सोलापूर त्या काळी इंग्रजीत ‘शोलापूर’ होतं, म्हणून तसंही टाकून बघा. आणि आपल्या जिल्ह्याची सगळ्यात मोठी गंमत: मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात होतं, अक्कलकोट हे स्वतःच संस्थान. मंगळवेढ्याच्या शिपायाला तुम्ही सोलापूर जिल्ह्यात शोधत बसलात तर तो सापडायचा नाही, सांगलीखाली बघा.

नाव चुकीचं सापडलं तर कमिशनकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण पुरावा लागतो. जुनं पदक असेल तर त्याची कड बघा, तिथं शिपाई नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. गावच्या जुन्या नोंदी मोडीत असतील, तर वाचणारा माणूस गाठावा लागेल. आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई अजून बोलती असेल तर आधी तिच्याकडं जा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून. पणजोबांना घरात कोणत्या नावानं हाक मारायचे, ते कुठल्याच कार्यालयात लिहिलेलं नाही.